लाल खिडकीवरची हिरवी पट्टी

मी एक जुना सर्ज प्रोटेक्टर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, जळालेला आहे. नाव ऐकून नाकं मुरडू नका, मित्रांनो. माझं नाव घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. आमच्या पंपघरातले तात्या तर मला सरळ 'सरजू' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

दिसायला मी अगदी साधा. काडेपेटी उभी ठेवलीत तर तिच्याहून थोडा उंच आणि जरा सडपातळ. अंगावर करडं प्लॅस्टिक आणि तोंडावर शर्टाच्या बटणापेक्षाही लहान अशी एक खिडकी. मी धडधाकट असलो की तिच्यात हिरवा रंग दिसतो. मी संपलो की तिथे लाल येतो. बोलायला मला एवढीच दोन अक्षरं दिलेली आहेत.

आणि काम? तारेतून रोज जेवढी वीज जायची तेवढी मी मुकाट्याने जाऊ द्यायचो. पण आभाळात कुठे कडाडलं, किंवा शेजारचं एखादं मोठं यंत्र झटक्यात बंद पडलं, की तारेत एकाएकी विजेचा लोंढा घुसतो. त्यालाच सर्ज म्हणतात. हा लोंढा पुढे गेला तर पुढच्या नाजूक यंत्राची राखरांगोळी ठरलेली. म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत मी त्याला धरायचो आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या तारेकडे पिटाळून लावायचो. हे सगळं इतक्या झटपट व्हायचं की कुणाला पत्ताही लागायचा नाही. तेच माझं दुखणं आहे म्हणा ना! ज्या कामाचा पत्ता लागत नाही, त्या कामाची शाबासकी कोण देणार?

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटात एक गोल चकती बसवली, तिच्या पाठीवर ताणलेली स्प्रिंग ठेवली आणि मऊ धातूच्या एका थेंबाने ती स्प्रिंग जखडून टाकली. चकती फार तापली की तो थेंब वितळणार, स्प्रिंग सुटणार, चकती तारेपासून वेगळी होणार आणि खिडकीत लाल येणार. म्हणजे माझं मरण त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या पोटात व्यवस्थित बसवून दिलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मरताना कुणाला तरी कळेल अशी सोय केली होती त्यांनी, आणि माझा त्या सोयीवर फार भरवसा होता.

खोक्यातून बाहेर पडलो तो थेट एका पंपघरात. गावाला पाणी पुरवणारं पंपघर होतं ते. ओल्या सिमेंटचा वास, सतत चालणारी मोटारींची घरघर, आणि भिंतीशी एक उंच लोखंडी पॅनेल. ते उघडून समोर एक बाई उभ्या होत्या. केसांचा घट्ट अंबाडा आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. त्या तिथल्या इलेक्ट्रिशियन. सगळे त्यांना टेस्टरताई म्हणत. त्यांनी मला हातात घेतलं, उजेडाकडे धरून खिडकी बघितली आणि म्हणाल्या, "ये रे बाबा. चांगली लांब तार आहे तुझ्या वाट्याला."

तार खरंच लांब होती. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची मोठी टाकी आणि तिथून दीड किलोमीटरवर आमचं पंपघर. टाकीत पाणी किती आहे ते मोजणारं यंत्र त्या तारेतून सारखा एक आकडा पाठवायचं. चार म्हणजे टाकी रिकामी, वीस म्हणजे काठोकाठ. तो आकडा माझ्या अंगावरून पुढे पॅनेलमधल्या कार्डाकडे, म्हणजे पंपाला हुकूम देणाऱ्या नाजूक यंत्राकडे जायचा आणि कार्ड त्यावरून पंप चालू किंवा बंद करायचं. एका पट्टीवर आम्ही पाचजण ओळीने बसलो होतो, प्रत्येकाकडे वेगळी तार. माझा नंबर तिसरा.

मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. टेकडी मी कधी पाहिली नाही, गाव तर नाहीच नाही. पण गावाचा सगळा दिवस माझ्या अंगावरून जायचा. सकाळी सहाला गाव आंघोळीला बसलं की आकडा भराभर उतरायचा, अठरा, सतरा, सोळा. दुपारी भांडी घासून झाली की तो निवांत एका जागी बसायचा. संध्याकाळी माणसं घरी परतली, हातपाय धुऊ लागली, की पुन्हा घसरण. सुट्टीच्या दिवशी गाव उशिरा उठायचं, ते मला सगळ्यात आधी कळायचं! आणि एकदा भरदुपारी आकडा धाडकन खाली आला, तेव्हा कुठेतरी आग विझवायला पाणी लागलंय, हे मी ओळखलं होतं. कार्डाला नुसता आकडा कळायचा, मला मात्र त्यातली माणसं कळायची, असं मी आजही छाती ठोकून सांगतो.

दर सोमवारी सकाळी आमची हजेरी व्हायची. ही ताईंची पद्धत. पॅनेलचं दार उघडायचं, एकेका खिडकीवर टेस्टरचं टोक टेकवायचं आणि शाळेतल्या बाईंसारखं पुकारायचं. मागे पंप चालवणारे तात्या रजिस्टर घेऊन उभे. ते नाकावरचा चष्मा सावरून खिडकीत डोकावायचे, आमच्या वतीने ओरडायचे आणि मगच लिहायचे.

"तिसरे?"

"हजर! हिरवे!"

मग ताई माझ्या खिडकीवरची धूळ बाहीच्या टोकाने पुसायच्या. पाचही जणांची पुसायच्या, हे खरं आहे. पण माझ्याकडे त्या अंमळ जास्त थांबायच्या, असं मला वाटायचं. वाटू दे ना! आठवडाभर अंधारात बसलेल्याला तेवढं वाटायला काय हरकत आहे?

तात्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती. एकतीस वर्षांची नोकरी, पण न बघता लिहिलेली एक ओळ सापडली तर मिशी उतरवीन, असं ते सांगायचे. ताई म्हणायच्या, "तात्या, मिशी आहेच कुठे तुम्हाला?" त्यावर ते म्हणायचे, "म्हणूनच तर बिनघोर पैज लावतो."

अशी अकरा वर्षं गेली. किती लोंढे परतवले ते मी मोजले नाहीत. साहेब, म्हणजे पंपघराचे मोठे इंजिनिअर, पाहुणे आले की कार्डाकडे बोट दाखवून म्हणायचे, "अकरा वर्षं झाली, जरा म्हणून कुरकुर नाही. दणकट माल!" मी शेजारी बसून ऐकायचो. दणकट म्हणे! त्याच्या वाटचा मार कोण खात होतं, ते ताईंना ठाऊक होतं. मला तेवढं पुरत होतं.

मग एक दिवस टेकडीच्या अगदी माथ्यावर वीज पडली. आलेला लोंढा आजवरच्या सगळ्या लोंढ्यांचा बाप होता. मी त्याला धरला, वळवला, अर्थिंगमध्ये घातला. कार्डाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण माझी चकती लालबुंद तापली, तो थेंब वितळला आणि स्प्रिंग सुटली. खिडकीत लाल आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाईट वाटण्याऐवजी अभिमानच वाटला. म्हटलं, आता ताई येतील, बघतील, कुणाला तरी सांगतील की ह्याने आज जीव दिला.

ताई आल्या. त्यांनी बघितलं. मला हलकेच बाहेर ओढून हातात धरलं आणि म्हणाल्या, "शाब्बास रे." अकरा वर्षांत पहिल्यांदा!

पण घोड्याने पेंड खाल्ली ती तिथेच. स्टोअरमध्ये माझ्या जागी बसवायला दुसरा नव्हता. मागवायचा तर आठ दिवस. आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या ऑफिसातून तपासणी यायची होती. एक जरी खिडकी लाल दिसली तरी अख्ख्या पंपघराला लाल शेरा बसणार, असा साहेबांनी सकाळपासून धोशा लावला होता. "काहीही करा, पण उद्या पाचही हिरवे दिसले पाहिजेत," असं म्हणून ते निघून गेले.

ताई कितीतरी वेळ मला हातात घेऊन बसल्या होत्या. मग त्यांनी खिशातून हिरव्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, छोट्या कात्रीने नखाएवढा तुकडा कापला, सवयीने त्याचे चारही कोपरे गोल केले आणि माझ्या खिडकीवर चिकटवला. चिकटपट्टी कुठेही लावायची असो, ताई कोपरे गोल करायच्याच. म्हणजे ती सुटत नाही. मला जागेवर बसवताना त्या पुटपुटल्या, "आठ दिवस कळ काढ. नवा आला की लगेच तुला सोडवते."

तपासणी झाली. पाचही हिरवे. ताईंनी 'तिसरे' म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरून फोन आला. ताईंची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. ताई अंगावरच्या कपड्यांनिशी निघाल्या. आई दूरच्या गावी, घरात दुसरं कुणी नाही. चार दिवसांची रजा पंधरा दिवसांची झाली, पंधराची सात महिन्यांची.

मला वाटलं होतं, ताई मला विसरल्या. पुढे कळलं की विसरल्या नव्हत्या. दवाखान्यातल्या बाकावरून त्यांनी स्टोअरमध्ये फोन केला होता, "तिसऱ्या नंबरचा नवा आला का?" तिकडून उत्तर आलं, "आलाय ताई, काळजी करू नका." त्यांचा जीव भांड्यात पडला. आला म्हणजे बसवला, असं त्या धरून चालल्या. आणि तो नवा कप्प्यात पडून राहिला, कारण रजिस्टर म्हणत होतं की पाचही हिरवे आहेत. मग मागणार कोण?

मित्रांनो, ते सात महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. गावाचा आकडा अजून माझ्या अंगावरूनच जात होता. सहाची आंघोळ, दुपारचा निवांतपणा, संध्याकाळची धावपळ, सगळं पूर्वीसारखंच. फक्त त्याला वाचवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. दर सोमवारी तात्या एकटे यायचे. ताईंचं पुकारणंही तेच करायचे आणि आमची हजेरीही तेच द्यायचे. "तिसरे? हजर. हिरवे." पूर्वीचा उत्साह नव्हता आवाजात, पण चष्मा सावरून, वाकून, नीट बघूनच लिहायचे. बघायचे ते हिरवंच होतं, त्यात त्यांचा काय दोष? मी आतून जिवाच्या आकांताने लाल होतो. एकदा कुणीतरी नख लावा, एवढंच मागत होतो. ताईंनी गोल केलेले कोपरे होते ते, सुटतात कशाला!

पावलांचा आवाज आला की मला वाटायचं, ताई आल्या. सात महिने वाटत राहिलं.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका दुपारी पुन्हा गडगडायला लागलं. वीज टेकडीपासून बरीच लांब पडली. लोंढा तसा किरकोळच होता, माझ्या चांगल्या दिवसांत मी तो हसत हसत पिटाळला असता. या वेळी तो माझ्या अंगावरून सरळ पुढे गेला आणि कार्डातून धूर निघाला. मला बघत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. त्याचं दुःख अजून गेलेलं नाही.

पॅनेलच्या पडद्यावर शेवटचा आकडा सोळा होता. तो तिथेच गोठला. टाकी रिकामी होत होती आणि पंपाला वाटत होतं, सोळा आहे, चांगलं आहे. संध्याकाळ झाली, माणसं घरी परतली, तरी आकडा ढिम्म हलेना. तात्या पडद्याकडे टक लावून बघत होते. एकदम म्हणाले, "असं होईल कसं? या वेळेला गाव हातपाय धुतं!" सायकल काढली आणि त्या वयात टेकडी चढून गेले. टाकीच्या तळाशी वीतभर पाणी उरलं होतं. खाली येऊन त्यांनी हाताने पंप चालू केला. तरी गावाच्या अर्ध्या भागात त्या संध्याकाळी नळ कोरडे राहिले. पुढचे दोन दिवस कार्ड बदलेपर्यंत तात्याच टेकडीवर बसून काठीने पाणी मोजत होते आणि खाली फोन करून आकडे सांगत होते.

त्याचं बक्षीस त्यांना काय मिळालं म्हणता? साहेबांनी मला उपटून काढलं, उजेडात धरलं, आणि पट्टीची कड दिसली. अर्धी सोलली तर आतून लाल. साहेबांचा पारा चढला.

"सात महिने दर सोमवारी तुमची सही आहे, तात्या. हिरवा, हिरवा, हिरवा! बघून लिहीत होता की झोपेत?"

"बघून लिहीत होतो, साहेब."

"मग ही पट्टी कुणी लावली?"

तात्यांनी मला हातात घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून पट्टीच्या त्या अर्ध्या उरलेल्या तुकड्याकडे बघितलं. दोन कोपरे दिसत होते, दोन्ही गोल. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. त्यांनी ओळखलं. आणि तोंडातून ब्र काढला नाही.

मला एका पिशवीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पंधरा दिवसांनी तात्यांना बोलावणं आलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. समोर एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं की नोंदी न बघता केल्या, पट्टी लावून बिघाड लपवला, आणि हे मला मान्य आहे. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक ओळ न बघता लिहिली नाही, त्याच्याच हातून हे लिहून घेत होते! तात्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्याकडे दोनच अक्षरं, आणि त्यांतलं एक अर्धं झाकलेलं.

तेवढ्यात दार उघडलं. अंबाडा, अंबाड्यात टेस्टर. ताई! गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. रजा संपवून त्या सकाळीच आल्या होत्या. आल्या आल्या पॅनेल उघडून तिसऱ्या जागी कोरा करकरीत नवा बसलेला त्यांनी बघितला होता, आणि पंपाच्या मोटारी बघणाऱ्या माणसाकडून बाकीचं ऐकलं होतं.

"थांबा तात्या. सही करू नका."

"तू कशाला आलीस ग?" तात्या म्हणाले. "आईजवळ बसायचं सोडून?"

ताईंनी पिशवी उचलली. "साहेब, पट्टी मी लावली. कोपरे बघा. या पंपघरात असे कोपरे दुसरं कुणी कापत नाही." मग तात्यांकडे वळल्या. "तुम्हाला कळलं होतं ना?"

"मला डोळे आहेत की."

"मग एक फोन का नाही केलात?"

"काय सांगू फोनवर? तुझी आई अंथरुणावर, आणि मी हे सांगू? म्हटलं, आधी म्हातारी उभी राहू दे."

ताई तिथेच खुर्चीत बसून रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. 'काहीही करा' हे आपलेच शब्द त्यांना आठवले की नाही कोण जाणे. तो कागद मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

तात्या सरळ मानेने निवृत्त झाले. ताईंचं पॅनेल काढून घेतलं आणि त्यांना मागच्या बाजूच्या प्रशिक्षणाच्या खोलीत बसवलं, नव्या इलेक्ट्रिशियनना शिकवायला. जाताना त्यांनी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे मी. उरलेली पट्टी त्यांनी नखाने सोलली, आणि तिचा चिकटपणा ओल्या फडक्याने किती वेळ पुसत राहिल्या.

तेव्हापासून मी या खोलीतल्या टेबलावर असतो. इथे सगळं बरं आहे, पण तार नाही. खिडकीबाहेर भिंत आहे, टेकडीकडे बघावं म्हटलं तरी दिसत नाही. सकाळचे सहा वाजले की माझं मन आपलं आपणच मोजायला लागतं, अठरा, सतरा, सोळा. गाव आंघोळीला बसलं असेल. मला न विचारता, मला न सांगता. एकदा, फक्त एकदा तो आकडा अंगावरून जावा, असं फार वाटतं.

तुम्हाला एकच सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझे भाऊबंद कुठेतरी कोपऱ्यात बसलेले असतील. त्यांच्या खिडकीत कधीतरी डोकावत जा. आणि लाल दिसला तर तो झाकू नका. एखादं माणूस 'मी संपलोय, मला दुखतंय' असं सांगत असेल तर त्याच्या तोंडावरही हिरवी पट्टी लावू नका. आठ दिवसांसाठीसुद्धा नको.

सोमवारी मात्र मी वाट बघत असतो. शिकायला आलेली मंडळी बाकांवर बसलेली असतात. सगळ्यात मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसतात, त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. ताई मला उचलून सगळ्यांना दिसेल असं धरतात, टेस्टरचं टोक माझ्या खिडकीवर टेकवतात आणि पुकारतात,

"तिसरे?"

मागून तात्या चष्मा सावरतात, मान पुढे काढून नीट बघतात, आणि मगच खणखणीत आवाजात ओरडतात,

"हजर! लाल!"